पंधरा आणे

देवळालीच्या केरमानबाईंनी किल्ली हातात ठेवली
तेव्हा चाकं चार, दर चाकाला नट चार.
मी मोजून घेतले. सवय.
बत्तीस वर्षं नाशिकरोडच्या छापखान्यात
नोटांचे ताव मोजले आहेत.
एक ताव कमी भरला की गेट बंद,
तान्ह्या पोरांच्या आयासुद्धा आत.

निवृत्तीच्या पैशात लोक पाथर्डी फाट्याला फ्लॅट घेतात.
मी ही घेतली.
बाटलीहिरवी, दोन माणसांची, बिनछपराची स्पिटफायर.
जमिनीला इतकी लगट
की सिग्नलला शेजारच्या ट्रकची पोटं दिसतात.

मग भगूर रस्त्यावर पंक्चर.
पोरगा अंगाने किरकोळ,
पण पान्याला हातभर पाइप लावून
आवळत गेला, आवळत गेला,
कुणी बस म्हणेल याची वाट बघत.
स्टड तुटताना मोठा आवाज होत नाही.
अडकित्त्यात सुपारी, तेवढाच.
तुकडा नटासकट गटारात.
पंधरा आणे गाडी उरली.

द्वारकेच्या दुकानात म्हणाले, मॉडेल?
सांगितलं.
पोराने मोबाइलवर विमान दाखवलं. हे का?
शेजारचा म्हणाला, काकू, अहोंना पाठवा.
अहो नाहीत, कधीच नव्हते. तू नट दाखव.
दाखवला. दहा एमएम.
दोन आटे चढला आणि रुसून बसला.

भद्रकालीत भंगाराचं पिंप.
कोपरापर्यंत हात घातला, काळा करून काढला:
सगळे एमएम.
अख्खं शहर कधी एमएमचं झालं
मला कुणी कळवलं नाही.

सातपूरच्या मागच्या गल्लीत भिकन मिस्त्री.
त्याने दुसऱ्या चाकाचा स्टड काढला,
चिमटीत फिरवला, चष्मा न लावता म्हणाला,
तीन सूत.
आणि खणातून पात्यांचं गेज काढलं,
त्यातलं चोवीसचं पातं आट्यांवर ठेवून
ट्यूबलाइटसमोर धरलं.
दातांत दात.
उजेडाला जायला जागा नाही.
बाई, म्हणाला, सुतात बोलणारं गिऱ्हाईक
लई वर्षांनी आलं.
मी कुठे बोलले होते? तोच बोलला होता.

स्टड करतो म्हणाला. एक नाही, दोन.
एकटा करायचा नसतो, जोडीला असावा.
पण नट जुना आणा,
याचं निमुळतं बूड माझ्या लेथला जमेल,
माझ्या डोळ्यांना नाही जमणार.

म्हणून निफाडच्या पुढे, रंगनाथ बोरस्त्यांच्या बागेत,
औषधाच्या पंपामागे, ताडपत्रीखाली हेराल्ड.
हिची थोरली, संसारी बहीण.
चार दारं, मागच्या सीटवर कोंबड्या,
आणि नटाचं माप तेच.
चार दिवस डिझेलमध्ये भिजवला तेव्हा एक सुटला.
पैसे घेईनात.
द्राक्षं मात्र घ्यायला लावली, पेटीभर.

भिकनने बसवला. समोरासमोरचे आवळले,
पाइपाशिवाय, मनगटाने,
आणि पाना माझ्या हातात दिला.
पन्नास मैल चालवा, मग पुन्हा बघा.
मैल म्हणाला, किलोमीटर नाही.

त्र्यंबक रस्त्याला दोन फेऱ्या झाल्या.
अंजनेरीच्या फाट्यावर थांबले,
एकेक नट पान्याने विचारून घेतला.
पंधरा जागचे हलले नाहीत.
सोळावा पाव आटा फिरला
आणि घट्ट झाला.
सोळा आणे.

घरी आले, जेवले, झोपले नाही.
जोडीतला दुसरा स्टड फडक्यात गुंडाळून उशाशी होता
आणि निफाडला एक गाडी
एका नटाने कमी भरत होती.
कोंबड्यांना काय त्याचं.
पण गेट उघडेना.